मुले सांभाळणाऱ्या घराचा विमा

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आदरणीय ताई, सादर नमस्कार. नाशिकच्या एका बालवाडीत मी सहा वर्षे शिकवत होते. पतीच्या नोकरीमुळे चार वर्षांपूर्वी आम्ही इंग्लंडमध्ये स्लाउ येथे आलो. आमची मुलगी आता तीन वर्षांची आहे. तिच्यासोबत घरीच आणखी काही मुले सांभाळावीत, म्हणजे इथे ज्याला चाइल्डमाइंडर म्हणतात तो व्यवसाय करावा, असे मी ठरवले आहे. लहान मुलांच्या प्रथमोपचाराचे बारा तासांचे प्रशिक्षण मी पूर्ण केले असून ऑफस्टेडकडे, म्हणजे शाळा आणि बालसंगोपनाची नोंदणी व तपासणी करणाऱ्या इथल्या सरकारी संस्थेकडे, नोंदणीचा अर्जही केला आहे. सप्टेंबरपासून दोन लहान मुले दिवसभर आणि दोन मुले शाळा सुटल्यावर येतील, असे पालकांशी बोलून झाले आहे. घर भाड्याचे आहे आणि शाळेतून मुले आणण्यासाठी पतीची गाडी वापरावी लागेल. मे महिन्यात सासूबाई साडेपाच महिन्यांसाठी येत आहेत, त्यांचीही थोडी मदत होईल.

विम्याच्या किमती मी दोन ठिकाणी पाहिल्या. एकाचा हप्ता दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. त्यात एक मैत्रीण म्हणते की व्यावसायिक संघटनेचे सभासदत्व घेतल्याशिवाय ऑफस्टेड नोंदणीच करत नाही. दुसरी म्हणते की सभासदत्व म्हणजे पैसे वाया घालवणे. सुरुवातीला उत्पन्न फारसे नसणार, त्यामुळे प्रत्येक पौंड मोजूनच खर्च करावा लागेल. स्वस्त विमा घेतला तर चालेल का, आणि सभासदत्व घ्यावे की नाही, याविषयी मार्गदर्शन करावे. — एक वाचक, स्लाउ

उत्तर : तुमच्या पत्रात विमा आणि सभासदत्व एकाच श्वासात आले आहेत. ते स्वाभाविक आहे, कारण बाजारात या दोन्ही गोष्टी पुष्कळदा एकाच पाकिटात बांधून विकल्या जातात. तरीही निर्णय घेताना त्या वेगळ्या ठेवाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन. विमा ही इथल्या नियमांनुसार सक्तीची गोष्ट आहे. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असलेल्या शासकीय चौकटीत, म्हणजे जिला सगळे ‘ईवायएफएस’ म्हणतात तिच्यात, मुले जिथे सांभाळली जातात त्या प्रत्येक जागेसाठी योग्य तो विमा असलाच पाहिजे असे स्पष्ट म्हटले आहे आणि त्याचे उदाहरण म्हणून सार्वजनिक दायित्वाच्या विम्याचा उल्लेख केला आहे. कोणत्याही संघटनेचे सभासद असण्याची अट मात्र ऑफस्टेडने घातलेली नाही. सभासद नसल्यामुळे नोंदणी अडत नाही, तपासणीतला शेराही खाली येत नाही. तुमच्या पहिल्या मैत्रिणीचा समज चुकीचा आहे. दुसरीचे म्हणणे मात्र अर्धेच खरे आहे, त्याकडे मी पुढे येते.

विम्याच्या बाबतीत किंमत पाहण्यापूर्वी एक काम करावे. एका कागदावर आपला संपूर्ण दिवस लिहून काढावा : सकाळी पहिले मूल कधी येते, कोण दार उघडते, आपण कोणत्या बागेत जातो, रस्ता कसा आहे, शाळेतून मुले पायी येतात की गाडीने, घरात कुत्रा-मांजर आहे का, अंगणात तळे किंवा उड्या मारायची मोठी जाळी आहे का, एखाद्या मुलाला शेंगदाण्याची अॅलर्जी किंवा दमा आहे का, रात्री मुक्कामाला कधी मूल राहणार आहे का, आणि दिवसभरात घरात दुसरे कोण कोण असते. हा कागद समोर ठेवून मग दोन्ही विमापत्रके वाचावीत. हप्ता जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापलेला असतो. अपवाद मात्र ‘कशासाठी भरपाई मिळणार नाही’ या प्रकरणात असतात, आणि दोन विम्यांच्या किमतीतला फरक बहुतेक वेळा त्याच प्रकरणात दडलेला असतो. अर्थात महाग विम्यात तुम्हाला कधीच न लागणाऱ्या गोष्टीही असू शकतात. तुमच्याकडे रात्री मुले राहणार नसतील तर मुक्कामाच्या संरक्षणासाठी जास्त पैसे देण्याचे काहीच कारण नाही.

हे मी अनुभवाने सांगते आहे. चाइल्डमाइंडर म्हणून माझ्या व्यवसायाच्या दुसऱ्या वर्षी सार्वजनिक बागेतील चढणीच्या खेळण्यावरून चार वर्षांचा एक मुलगा पडला आणि त्याचे मनगट मोडले. पालक समंजस होते, त्या दिवशी त्यांनी एक शब्दही वावगा काढला नाही. तीन महिन्यांनी मात्र वकिलाचे पत्र आले. तेव्हा कळले की सर्वांत स्वस्त म्हणून मी घेतलेला विमा घर, अंगण आणि शाळेपर्यंतचा रस्ता एवढ्यापुरताच होता. ‘अन्य सहली’ हा पर्याय निवडून त्याचे वेगळे पैसे भरायचे होते आणि मी ते भरले नव्हते. पुढे दावा टिकला नाही, परंतु त्या पत्राला वकिलामार्फत उत्तर देण्याचा खर्च मला स्वतःला करावा लागला आणि तो त्या वर्षी वाचवलेल्या हप्त्याच्या कितीतरी पट होता. मुख्य म्हणजे ते कित्येक आठवडे मी ज्या धास्तीत काढले, तशी धास्ती कोणत्याही चाइल्डमाइंडरच्या वाट्याला येऊ नये असे मला मनापासून वाटते.

सार्वजनिक दायित्वाचा विमा म्हणजे नेमके काय, हेही नीट समजून घ्यावे. तुमच्या निष्काळजीपणामुळे एखाद्याला इजा झाली किंवा कोणाच्या मालमत्तेचे नुकसान झाले, असा दावा झाला तर तुमच्या वतीने बाजू मांडणे आणि कायद्याने देय ठरलेली भरपाई देणे, एवढे त्याचे काम असते. मूल पडले म्हणून आपोआप पैसे मिळतात, असा त्याचा अर्थ नाही. चाइल्डमाइंडरांसाठीच्या विमापत्रांत ही मर्यादा साधारणपणे ५० लाख किंवा १ कोटी पौंडांची असते. आकडा ऐकून दडपून जाऊ नका, कारण मुलाला आयुष्यभराचे अपंगत्व आले तर भरपाईची रक्कम खरोखरच प्रचंड असू शकते, आणि वरच्या मर्यादेसाठी द्यावा लागणारा जादा हप्ता त्यामानाने थोडा असतो. सरकारच्या मोफत बालसंगोपनाच्या तासांच्या योजनेत तुम्ही पुढे सहभागी होणार असाल, तर स्थानिक परिषदेशी करार करावा लागतो. सप्टेंबर २०२५ पासून नोकरदार पात्र पालकांना नऊ महिन्यांच्या बाळापासून शाळेच्या सत्रात आठवड्याला ३० तास मिळतात, तेव्हा पालक तुम्हाला हे विचारणारच. या करारात विम्याची किमान रक्कम दिलेली असू शकते. तो मसुदा आधी मागवून वाचावा आणि मगच मर्यादा ठरवावी.

मुलांच्या इजेच्या दाव्यांबाबत आणखी एक गोष्ट आहे, जी नव्या माणसाला सहसा कोणी सांगत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये इजेचा दावा सामान्यतः तीन वर्षांच्या आत करावा लागतो, परंतु मूल अल्पवयीन असेल तर ही तीन वर्षे त्याच्या अठराव्या वाढदिवसापासून मोजली जातात. म्हणजे आज दोन वर्षांचे असलेले मूल एकविसाव्या वाढदिवसापर्यंत तुमच्याविरुद्ध दावा करू शकते. म्हणून विमा ‘घटना घडली त्या दिवशी चालू असलेला’ या तत्त्वावरचा आहे ना, हे विकणाऱ्याला स्पष्ट विचारावे. तसा असेल तर पुढे तुम्ही व्यवसाय बंद केला किंवा कंपनी बदलली, तरी त्या दिवशीची कंपनी जबाबदार राहते. आणि म्हणूनच प्रत्येक वर्षाचे विमा प्रमाणपत्र, अपघातवही आणि पालकांनी सही केलेली नोंद जपून ठेवावी. माझ्याकडच्या पहिल्या वर्षाच्या फाइली अजून माळ्यावर आहेत.

आता सासूबाईंविषयी. हा प्रश्न आपल्या घरांमध्ये फार वेळा येतो, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. त्या पाहुणी म्हणून, म्हणजे भेटीच्या व्हिसावर येत असतील, तर त्यांना या देशात काम करता येत नाही, बिनपगारीसुद्धा नाही. नातीला भरवणे, तिला झोपवणे ही आजीची माया झाली. पण तुमच्याकडे पैसे देऊन ठेवलेल्या मुलांना सांभाळण्यात त्यांनी नियमितपणे हातभार लावणे हे काम ठरू शकते. शिवाय चाइल्डमाइंडरच्या घरात राहणाऱ्या सोळा वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीची पार्श्वभूमी ऑफस्टेडकडून तपासली जाते आणि नवी प्रौढ व्यक्ती राहायला आली तर तसे कळवावे लागते. साडेपाच महिने म्हणजे चार दिवसांचा पाहुणचार नव्हे. त्या येण्यापूर्वीच ऑफस्टेडला लेखी विचारावे आणि उत्तर फाइलमध्ये ठेवावे. विमा कंपनीलाही हे कळवावे.

मदतनिसाचा मुद्दा यापुढचा आहे. पुढे कधी तुम्ही रीतसर मदतनीस ठेवली, तर १९६९ च्या कायद्यानुसार मालक म्हणून दायित्वाचा विमा सक्तीचा होतो. त्याची किमान मर्यादा ५० लाख पौंड आहे आणि तो नसेल तर दिवसाला २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. जवळच्या नातलगांना या कायद्यातून सूट आहे, पण ती यादी लक्षपूर्वक वाचावी. तीत पती-पत्नी, आईवडील, आजीआजोबा, मुले, नातवंडे, भावंडे आणि सावत्र नाती आहेत. सासू-सासरे आणि नणंद-जाऊ त्यात नाहीत. आपल्याकडे सासूबाईंना आईच म्हणतात, पण कायद्याने ते नाते तसे मानलेले नाही. उद्या याच शहरात कायम वास्तव्याला असलेल्या नणंदेला तुम्ही पगारावर मदतीला घेतले, तर हा विमा लागेल. चाइल्डमाइंडरांच्या अनेक विमापत्रांत तो आधीच समाविष्ट असतो, काहींत वेगळा घ्यावा लागतो. तुमच्याकडे आलेल्या दोन किमतींमधला फरक कदाचित इथेही असेल.

गाडीची बाब त्याहून तातडीची आहे, कारण तिथे चाइल्डमाइंडरचा विमा बहुधा लागूच होत नाही. ज्या वाहनातून मुले नेली जातात त्याचा आणि चालकाचा पुरेसा विमा असावा, हे ‘ईवायएफएस’च्या चौकटीतच नमूद आहे. पतीच्या गाडीचा विमा घरगुती वापर आणि नोकरीला जाणे-येणे एवढ्यापुरता असेल, तर व्यवसायासाठी मुले आणणे त्यात बसत नाही. त्या कंपनीला फोन करून ‘मी नोंदणीकृत चाइल्डमाइंडर आहे, सांभाळायच्या मुलांना शाळेतून या गाडीने आणणार आहे, आणि गाडी मी चालवणार आहे’ हे तिन्ही मुद्दे सांगावेत आणि व्यावसायिक वापर जोडून त्याची लेखी पोच घ्यावी. काही कंपन्या यासाठी काहीच जादा आकारत नाहीत, काही नकार देतात. शाळा जवळ असेल तर गाडीशिवाय जमते का, याचाही विचार करावा. मी बहुतेक वर्षे जुळ्यांची बाबागाडी ढकलत पायीच गेले आणि मुलांना ते आवडत असे.

घर भाड्याचे असल्याने घरमालकाची लेखी परवानगी घ्यावी आणि घरातील सामानाचा विमा असेल तर त्या कंपनीलाही व्यवसायाची कल्पना द्यावी. नाही तर स्वयंपाकघरात पाण्याचा नळ फुटण्यासारख्या, मुलांशी काहीही संबंध नसलेल्या घटनेतही दावा अडकू शकतो.

विम्याचा अर्ज भरताना काहीही लपवू नये, आणि आपल्याला क्षुल्लक वाटते म्हणून गाळूही नये. व्यवसायासाठी घेतलेल्या विम्याला २०१५ चा विमा कायदा लागू होतो. आपल्या जोखमीचे चित्र कंपनीपुढे प्रामाणिकपणे आणि पुरेसे मांडणे, हे त्यात विमा घेणाऱ्याचे कर्तव्य मानले आहे. चूक जाणूनबुजून केलेली नसली, तरी खरी माहिती दिली असती तर हप्ता जास्त लागला असता असे ठरल्यास, भरपाई त्याच प्रमाणात कमी होऊ शकते. समजा १०० पौंड हप्ता लागायला हवा होता आणि माहिती गाळल्यामुळे तुम्ही ६० भरले, तर मंजूर दाव्याचे ६० टक्केच कंपनी देईल आणि उरलेले ४० टक्के तुमच्यावर येतील. हजारो पौंडांच्या दाव्यात हे ४० टक्के संसार मोडायला पुरेसे असतात.

मुलांच्या संख्येबाबतही अचूक असावे. एका चाइल्डमाइंडरला एका वेळी आठ वर्षांखालील जास्तीत जास्त सहा मुले सांभाळता येतात, त्यांतील तीनच लहान, म्हणजे साधारण पाच वर्षांपर्यंतच्या, वयोगटातील आणि त्यांत एकच एक वर्षाखालील असू शकते. यात स्वतःची मुलेही मोजली जातात. तुमची तीन वर्षांची मुलगी आणि बाहेरची दोन लहान मुले मिळून तीनच होतात, म्हणजे हिशेब बरोबर केला आहे. मात्र काही विशेष परिस्थितीत संख्येला सवलत असते. ती कधी वापरलीत, तर विमा कंपनीला आधी कळवावे. औषधे आणि अॅलर्जीचाही वेगळा प्रश्न विचारावा. पालकांच्या लेखी परवानगीने डॉक्टरांनी दिलेले औषध पाजणे बहुतेक विम्यांत बसते. आणीबाणीत अॅड्रेनालिनचे इंजेक्शन देणे किंवा विशेष वैद्यकीय काळजी घेणे मात्र प्रशिक्षणाच्या अटीसह येते, आणि अशी अट असेल तर प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र विमापत्राशेजारी ठेवावे.

आता सभासदत्व. या क्षेत्रातली सर्वांत परिचित संघटना १९७७ मध्ये नॅशनल चाइल्डमाइंडिंग असोसिएशन म्हणून सुरू झाली, २०१३ मध्ये तिचे नाव ‘पेसी’ झाले आणि आता ती थॉमस कोरम यांनी १७३९ मध्ये टाकून दिलेल्या बालकांसाठी सुरू केलेल्या संस्थेच्या, म्हणजे आजच्या ‘कोरम’च्या, समूहात आहे. याशिवाय केवळ बालसंगोपन क्षेत्रासाठी विमा विकणारे ‘मॉर्टन मिशेल’सारखे दलालही आहेत आणि त्यांच्याकडे संघटनेचे सभासद न होता विमा घेता येतो. कोणाकडे जावे हे मी सांगणार नाही. तुमचा दिवस लिहिलेला तो कागद ज्याच्या अटींत पूर्ण बसेल, त्याच्याकडे जावे.

सभासदत्वातून नेमके काय मिळते, हे मोजून पाहावे. पालकांशी करायच्या कराराचे तयार नमुने, धोरणांचे मसुदे, प्रशिक्षणात सवलत, कायदेविषयक सल्ल्याची दूरध्वनी सेवा आणि काही वेळा कायदेशीर खर्चाचे संरक्षण, एवढे साधारणपणे असते. यातले करारनामे मला अतिशय मोलाचे वाटतात, कारण चाइल्डमाइंडरांचे बहुतेक वाद पैशावरून होतात : पालक सुट्टीवर गेले तर शुल्क द्यायचे का, मूल सोडायचे असल्यास किती आठवड्यांची सूचना द्यायची, मूल उशिरा नेले तर काय. आपली मराठी माणसे ओळखीत असे लिहून घ्यायला संकोचतात आणि मग सहा महिन्यांनी मनात कडवटपणा साठतो. दुसरी मोलाची गोष्ट म्हणजे संकटाच्या वेळी उचलला जाणारा फोन. एखाद्या पालकाने तक्रार केली आणि ऑफस्टेडचे पत्र आले, तर एकटी स्त्री आपल्या स्वयंपाकघरात बसून काय करणार? अशा वेळी ज्याने हे प्रकरण शंभरदा पाहिले आहे, त्याच्याशी अर्धा तास बोलता येणे याला किंमत आहे.

पण तीच सोय विमापत्रात आधीच असेल, तर तिचे दुहेरी पैसे देऊ नयेत. कायदेशीर खर्चाचे संरक्षण, ऑफस्टेडच्या कारवाईविरुद्ध अपील आणि आयकर चौकशीतला सल्ला अनेक विमापत्रांत असतो. तिथे एवढेच पाहावे की त्यांचा वकील ‘यश मिळण्याची शक्यता वाजवी आहे’ असे म्हणेल तेव्हाच खर्च मिळतो का, कारण बहुतेकांत तशी अट असते. प्रशिक्षणासाठी स्लाउच्या परिषदेच्या बालसेवा विभागाला अवश्य विचारावे; स्थानिक परिषदांचे अनेक वर्ग विनामूल्य किंवा अल्प शुल्कात असतात. माझे मत विचाराल तर पहिल्या वर्षी सभासदत्व घ्यावे. करारनामे आणि धोरणे एकदा नीट बसली, परिसरातल्या इतर चाइल्डमाइंडरांशी ओळखी झाल्या, की दुसऱ्या वर्षी त्या वर्गणीचा पुन्हा विचार करावा. त्या वर्षात एकदाही फोन केला नसेल आणि विम्यात सल्ला असेल, तर सभासदत्व सोडण्यात काही गैर नाही. सवलतीचा विमा हे मात्र सभासद होण्याचे एकमेव कारण नसावे. वर्गणी आणि सवलतीचा हप्ता यांची बेरीज करून तिची बाहेरच्या पूर्ण हप्त्याशी तुलना करावी. तुलना करताना १२ टक्के विमा कर हप्त्यात धरला आहे का, हेही पाहावे.

खर्चाची बोच थोडी कमी करणारी गोष्ट म्हणजे विम्याचा हप्ता आणि व्यवसायासाठीची वर्गणी दोन्ही व्यवसायाचा खर्च म्हणून उत्पन्नातून वजा करता येतात. तुमचा नफा १२,५७० पौंडांच्या वर गेला, तर २० टक्के आयकर आणि ६ टक्के राष्ट्रीय विमा (नॅशनल इन्शुरन्स ही सरकारला द्यायची सक्तीची वर्गणी) यांचा विचार करता अशा १०० पौंडांच्या खर्चावर २६ पौंड वाचतात. मात्र १,००० पौंडांची सरसकट व्यापार सवलत घेतलीत, तर प्रत्यक्ष खर्च वेगळा दाखवता येत नाही. पावत्या पहिल्या दिवसापासून ठेवाव्यात. मुलांची छायाचित्रे आणि माहिती फोनवर किंवा संगणकावर ठेवणार असाल, तर वैयक्तिक माहितीच्या संरक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयाची वार्षिक फीही अंदाजपत्रकात धरावी. सर्वांत लहान गटासाठी ती फेब्रुवारी २०२५ पासून ५२ पौंड आहे.

पैसे भरण्यापूर्वी शेवटची दोन कामे करावीत. विक्रेत्याचे नाव वित्तीय नियामकाच्या नोंदवहीत आहे का ते पाहावे, आणि तुमच्या कागदावरचे सगळे प्रश्न ईमेलने विचारून उत्तरेही ईमेलनेच घ्यावीत. तोंडी ‘हो, हो, सगळे चालते’ याचा दाव्याच्या वेळी उपयोग होत नाही.

प्रश्न : मी रेडिंगला राहते. महाराष्ट्र मंडळातील ओळखीच्या दोन कुटुंबांची मुले शाळा सुटल्यावर साडेतीन ते साडेसहा माझ्याकडे असतात. ती मंडळी महिन्याला थोडे पैसे देतात. हा काही व्यवसाय नाही, घरचेच संबंध आहेत. तरी काळजी म्हणून फक्त विमा घ्यायचा आहे. नोंदणीशिवाय तो मिळेल का? — एक वाचक

उत्तर : तुम्ही काळजी घेऊ इच्छिता याचा आदर वाटतो, पण तुमचा पहिला प्रश्न विम्याचा नाही. आठ वर्षांखालील मूल, त्याच्या स्वतःच्या घराबाहेर, दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त वेळ आणि मोबदला घेऊन सांभाळले जात असेल, तर इंग्लंडमध्ये नोंदणी आवश्यक ठरते. तुमच्याकडे मुले रोज तीन तास असतात आणि पैसेही दिले जातात. रक्कम लहान असल्यामुळे नियम बदलत नाही. मैत्रिणींनी पैशाचा व्यवहार न करता एकमेकींची मुले आळीपाळीने सांभाळणे वेगळे, आणि आजी, मावशी, आत्या यांनी सांभाळणेही वेगळे. त्यांना नोंदणी लागत नाही. दोन्ही मुले आठ वर्षांची पूर्ण झालेली असतील तर तुमच्यावर नोंदणीची सक्ती नाही, परंतु तुम्ही ती ऐच्छिक नोंदवहीत करू शकता.

नोंदणी लागते आणि तुम्ही ती केलेली नाही, अशा स्थितीत घेतलेला विमा दाव्याच्या दिवशी तुमच्यामागे उभा राहील अशी आशा धरू नये. बहुतेक विमापत्रांत कायद्याप्रमाणे आवश्यक ती नोंदणी असणे ही मूलभूत अटच असते. शिवाय तुमच्या घराच्या विम्यालाही ही गोष्ट माहीत नसणार. मुलांची वये मला तुमच्या पत्रातून कळली नाहीत. ती आठच्या आत असतील तर आजच त्या दोन्ही कुटुंबांशी स्पष्ट बोलावे आणि नोंदणी होईपर्यंत वेळ दोन तासांच्या आत आणावी किंवा दुसरी व्यवस्था करावी. संबंध घरचे आहेत म्हणूनच त्यांना हे समजेल. ऑफस्टेडऐवजी एखाद्या नोंदणीकृत चाइल्डमाइंडर एजन्सीमार्फतही हा मार्ग घेता येतो. एजन्सी शुल्क घेते, पण कागदपत्रांत मदत करते आणि काही एजन्सींच्या शुल्कात विमाही असतो. तसा असेल तर तो त्यांच्याकडील मुलांपुरताच आहे की तुमच्या सगळ्या मुलांसाठी, हे विचारून घ्यावे. दरम्यान तुमचे पती नोकरीच्या व्हिसावर आणि तुम्ही त्यांच्या आश्रित म्हणून आला असाल, तर तुम्हाला स्वयंरोजगार करता येतो. मात्र स्वतः नोकरीच्या व्हिसावर असाल तर आधी त्याच्या अटी तपासाव्यात.

प्रश्न : गेली पाच वर्षे मी एकाच कंपनीचा विमा घेत आहे. यंदा नूतनीकरणाच्या सूचनेत हप्ता बराच वाढला आहे, दावा एकही केलेला नाही. कंपनी बदलली तर मागच्या पाच वर्षांचे संरक्षण जाईल, या भीतीने थांबले आहे. — एक वाचक, मिल्टन कीन्स

उत्तर : ही भीती अनाठायी आहे, मात्र एक गोष्ट तपासून घ्यावी. तुमचा विमा घटनेच्या तारखेवर आधारलेला असेल, तर मागच्या पाच वर्षांत घडलेल्या कोणत्याही घटनेची जबाबदारी त्या त्या वर्षीच्या विमापत्रावर कायम राहते. ती पाचही प्रमाणपत्रे तुमच्याकडे आहेत का ते आधी पाहा; नसतील तर सभासद किंवा ग्राहक असेपर्यंतच मागवून घ्या, कारण खाते बंद झाल्यावर ती मिळवणे फार कष्टाचे होते. याउलट दावा ज्या दिवशी केला जातो त्या दिवसावर विमा आधारलेला असेल, तर बदलताना मागील काळासाठी वेगळे संरक्षण लागेल.

नवा विमा जुना संपेल त्याच क्षणी सुरू झाला पाहिजे, एका दिवसाचीही फट नको. तेवढ्या एका दिवसासाठीही मुले घेणे नियमात बसत नाही. नवा विमा पक्का झाल्यावरच जुन्याचे आपोआप होणारे नूतनीकरण लेखी रद्द करावे. चुकून दोन्ही सुरू झाले, तर साधारणपणे चौदा दिवसांच्या आत एक मागे घेता येतो. आणि आधी जुन्याच कंपनीला फोन करून, दुसऱ्याने दिलेली किंमत सांगून, हप्ता कमी होतो का ते विचारावे, पुष्कळदा होतो. मासिक हप्ते घेत असाल तर त्यात व्याज धरलेले असते, म्हणून वर्षाची रक्कम एकदम भरणे झेपत असेल तर तेच करावे. नव्या अर्जात मागील पाच वर्षांत दावा केला नसला तरी, अपघातवहीत नोंदलेली आणि पुढे दावा होऊ शकेल अशी एखादी गंभीर घटना असेल, तर ती दोन्ही कंपन्यांना कळवावी : जुनीला, कारण भरपाई तिला द्यावी लागेल, आणि नवीला, कारण ती विचारेल. कंपनीशी वाद झाला आणि तिच्या अंतिम उत्तराने समाधान झाले नाही, तर वित्तीय लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या तुमच्यासारख्या लहान व्यवसायांनाही तो मार्ग खुला आहे. अंतिम उत्तर मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो, तेव्हा त्या पत्रावरची तारीख जपून ठेवावी.